वार्तेचा जामीन

खानदेशांत कापसाचा आणि धान्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्या व्यापारांतील एक शब्द तेथें लहान मुलासहि ठाऊक असतो. तो शब्द म्हणजे जामीन. अनोळखी मनुष्यास माल उधार द्यावयाचा तर कोणीतरी ओळखीचा मनुष्य मध्यें उभा राहावा लागतो. उद्यां व्यवहार फसला तर विचारावयास एक तोंड असावें, एवढाच त्याचा अर्थ. पैशाच्या बाबतींत इतकी सावधगिरी बाळगणारे आपण वार्तेच्या बाबतींत मात्र असा जामीन क्वचितच मागतों. वास्तविक खोट्या नाण्यानें नुकसान होतें तें एका घराचें. खोट्या वार्तेनें सबंध गांवाचें होतें, आणि प्रसंगीं माणसें प्राणांस मुकतात. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं पांच निरपराध माणसें अशाच एका वार्तेपायीं मारलीं गेलीं. त्या घटनेचा विचार आजवर बहुधा पोलीस, कायदा आणि यंत्र यांच्याच दृष्टीनें झाला आहे. तो इतिहासाच्या दृष्टीनेंहि करून पाहावा, म्हणजे या प्रांतांत बातमी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जात आली आणि तिच्या खरेपणाची हमी त्या त्या काळीं कोणीं घेतली हें तपासावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता. त्या सालीं त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें जिल्हे म्हणून ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. तापीकांठचा हा मुलूख उत्तर आणि दक्षिण यांच्या वाटेवरचा. बऱ्हाणपुराकडून येणारे व्यापारी, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी, यात्रेकरू, भिक्षेकरी, सर्वांच्या पायांखालचा. छापखाना येण्यापूर्वीं बातमी चालत असे ती या लोकांच्याच पायांनीं. आठवड्याचा बाजार, जत्रा, पाणवठा आणि चावडी हीं तिचीं मुक्कामाचीं ठिकाणें. सरकारी हुकूम दवंडीनें कळे. बाकीचें वर्तमान वासुदेव, गोंधळी, डवरी गोसावी अशा फिरस्त्या लोकांच्या तोंडून कळे. नाथपंथी डवरी गोसावी हे डौर वाजवीत, गाणीं म्हणत दारोदार भिक्षा मागणारे लोक. भिक्षा मागतां मागतां पलीकडच्या मुलखांत पाऊस कसा आहे, कोठें रोगराई आहे, कोठें धान्य स्वस्त आहे, हें सांगणें ओघानेंच येई. या मनुष्याचा जामीन कोण, असें कोणी विचारलें तर त्याचें उत्तर सोपें आहे. त्याचें पुन्हां येणें हाच त्याचा जामीन. यंदा थाप मारून गेलेला मनुष्य पुढच्या वर्षीं त्याच ओट्यापुढें उभा राहिला तर त्याच्या झोळींत मूठभर जोंधळे तरी कोण घालील?

याहून पक्का जामीन सावकारी पत्राचा. पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ च्या जानेवारींत नानासाहेब पेशव्यांस भेलशाजवळ कळली, ती प्रथम एका सावकारी पत्रावरून, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. दोन मोत्यें, सत्तावीस मोहरा आणि अगणित खुर्दा अशा व्यापारी सांकेतिक भाषेंत तींत दोन सरदार, त्यांखालचे मातबर आणि असंख्य सैनिक यांची हानि कळविलेली होती. वृत्त इतकें भयंकर कीं त्यावर विश्वास बसूं नये. तथापि तें खरें मानावें लागलें. हुंडीचा सारा व्यवहार ज्याच्या एका अक्षरावर चालतो तो सावकार उगाच कांहीं लिहिणार नाहीं, हें सर्वांस ठाऊक होतें. खोटी बातमी लिहिल्यास त्याची पतच बुडाली असती. पत हाच येथें जामीन.

याचा अर्थ जुन्या काळीं अफवा नव्हत्या असा मात्र कोणी घेऊं नये. १८५७ च्या आरंभीं उत्तर हिंदुस्थानांत चपात्यांचा जो विलक्षण प्रवास झाला तो या दृष्टीनें मनन करण्यासारखा आहे. एका गांवच्या चौकीदारानें पुढच्या गांवच्या चौकीदारास चपात्या द्याव्या, त्यानें तशाच आणखी करून त्यापुढील गांवांस पोंचवाव्या, असा तो प्रकार. पाठविणारा मूळ कोण, हेतु काय, हें इंग्रज अधिकाऱ्यांनीं पुष्कळ शोध करूनहि निश्चित कळलें नाहीं. चपातीवर तर कांहींच लिहिलेलें नव्हतें. परंतु घेणाऱ्या प्रत्येकानें तींत आपल्या मनांतील भय किंवा आशा वाचली आणि ती पुढें धाडली. न धाडल्यास आपलें कांहीं अनिष्ट होईल या शंकेनेंच ती पुष्कळांनीं धाडली असावी. ज्या वस्तूस धनी नाहीं ती किती वेगानें फिरते, याचें हें उत्तम उदाहरण होय. म्हणजे बेवारशी वार्ता हें आजच्या यंत्राचें अपत्य नव्हे. यंत्रानें तिला पाय दिले इतकेंच.

तोंडी वार्तेकडून लेखी वार्तेकडे येतांना धुळें शहराचा विचार केल्यावांचून चालणार नाहीं. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं तेथें सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें मठोमठीं हिंडून मिळविलीं. जुन्या पोथीच्या शेवटीं नकलकाराचा जो मजकूर असतो, ज्यास पुष्पिका म्हणतात, तो अशा संग्रहांत वारंवार पाहावयास मिळतो. नकल करणारा तेथें आपलें नांव, गांव, शक, मास आणि तिथि लिहितो. आणि बहुधा असेंहि सांगतो कीं, समोरच्या पोथींत जसें दिसलें तसें मीं उतरलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मजकडे लावूं नये. हें वाचून आजच्या वाचकास हंसूं येईल. कारण हल्लीं मोबाइलवर येणाऱ्या संदेशाच्या माथ्यावर 'जसा आला तसा पुढें पाठविला' असा जो शेरा असतो तो या नकलकाराच्या बोलण्याहून निराळा नाहीं. जबाबदारी झटकण्याची मनुष्यास हौस फार जुनी आहे! परंतु दोहोंत एक भेद आहे, आणि तो मोठा आहे. नकलकार दोष नाकारतो, पण नांव लपवीत नाहीं. शेंदोनशें वर्षांनीं एखादा अभ्यासक त्याच्या नकलेंत चूक काढतो तेव्हां ती कोणी, कोठें आणि केव्हां केली हें त्यास सांगतां येतें, आणि म्हणूनच ती दुरुस्तहि करतां येते.

ही दुरुस्ती हाच इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या आयुष्याचा उद्योग होता. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पानिपतच्या काळचीं मूळ पत्रें त्यांनीं त्यांत छापलीं आणि बखरकारांचीं कथनें त्यांपुढें ठेवून किती ठिकाणीं ढळतात तें दाखविलें. बखर रसाळ असते, म्हणून ती खरी ठरत नाहीं. पत्र कोरडें असतें, परंतु तें कोणी, कोणास, कोणत्या दिवशीं लिहिलें हें त्यावर असतें, म्हणून तें ग्राह्य ठरतें. हा त्यांचा दंडक. राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच पडला, आणि त्यांनीं जमविलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठीं पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरीं उभें राहिलें. कागदास आधीं त्याचें नांव-गांव विचारावें आणि मगच त्याचें म्हणणें ऐकावें, ही शिकवण ज्या शहरांत इतक्या श्रमानें रुजविली गेली, त्या शहराच्या जिल्ह्यांत पुढें नांव-गांव नसलेल्या एका संदेशानें पांच जणांचा बळी घेतला, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे.

छापखान्यानें वार्तेस नवें रूप दिलें. मराठी वृत्तपत्रांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही लाट खानदेशांतहि पोंचली. धुळ्याहून 'खानदेश वैभव' आणि जळगांवाहून 'प्रबोधचंद्रिका' हीं साप्ताहिकें निघूं लागलीं. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें आणि प्रकाशकाचें नांव व ठिकाण घालणें आवश्यक केलें होतें, आणि १९२२ पासून वृत्तपत्रावर संपादकाचेंहि नांव घालणें भाग झालें. शेवटच्या पानाच्या तळाशीं असलेली ती बारीक ओळ आपल्यापैकीं फार थोड्यांनीं कधीं वाचली असेल. परंतु त्या वर्तमानपत्राचा जामीनरोखा तोच होय. या मजकुरामुळें कोणाची अब्रू गेली, कोणाचें नुकसान झालें, तर अमुक दारावर येऊन विचारा, असें ती ओळ सांगत असते. १८६७ चा तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा अमलांत आला आहे, तरी नियतकालिकामागें एक ओळखतां येणारा धनी असावा हें तत्त्व सुटलेलें नाहीं.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. परकीय सरकारनेंहि वृत्तपत्रांकडून जामीन मागितला होता. १९१० च्या कायद्यानें नव्या छापखान्याच्या मालकास पांचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत रक्कम सरकारांत अनामत ठेवावी लागे, आणि सरकारास न रुचणारें कांहीं छापलें कीं ती जप्त होई. तो कायदा १९२२ सालीं रद्द झाला, परंतु तोंपर्यंत जामीन हा शब्द संपादकांच्या कानांस विखारासारखा झाला होता, आणि तें योग्यच होतें. सत्तेनें धाक घालण्यासाठीं घेतलेला जामीन निराळा आणि लिहिणाऱ्यानें वाचकास आपखुषीनें दिलेला जामीन निराळा. पहिल्यानें लेखणी बांधली जाते, दुसऱ्यानें ती विश्वासास पात्र होते. प्रस्तुत लेखांत अभिप्रेत आहे तो दुसरा.

असा जामीन किती निष्ठेनें देतां येतो याचा दाखला म्हणून जळगांवच्या 'काव्यरत्नावली' मासिकाकडे पाहावें. नारायण नरसिंह फडणीस यांनीं तें १८८७ सालीं सुरू केलें आणि १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धें शतक, केवळ कवितेस वाहिलेलें हें मासिक एका जिल्ह्याच्या गांवीं चालविलें. आधुनिक मराठी कवितेचा आरंभकाळ त्याच्या पानांतून वाचतां येतो. १९०७ सालीं जळगांवास भरलेल्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलास 'बालकवि' ही पदवी मिळाली, त्या संमेलनाच्या मुळाशींहि फडणीसच होते. आलेली प्रत्येक कविता आधीं एका जाणत्या मनुष्यानें वाचावी, निवडावी, आणि ती छापल्यास आपल्या नांवावर छापावी, हें संपादकाचें काम. वाचक निर्धास्त असे तो या एका मनुष्याच्या डोळ्यांवर विसंबून.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ती न सांगणें म्हणजे इतिहासाशीं प्रतारणा होईल. ज्या जळगांवांत 'काव्यरत्नावली' निघत होती त्याच जळगांवांत बहिणाबाई चौधरी घरोट्यावर दळतांना आणि शेतांत खपतांना आपलीं गाणीं रचीत होत्या. असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या आणि जळगांवास नांदावयास आलेल्या या बाईस लिहितां वाचतां येत नव्हतें. गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं तीं १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. तींहि चिरंजीव सोपानदेवांनीं आणि एका आप्तानें तीं उतरून ठेवलीं होतीं, आणि आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडलीं म्हणून. संपादकाचें दार किती अरुंद असतें आणि त्याबाहेर केवढें धन राहून जातें, हें याहून अधिक स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण माझ्या माहितींत नाहीं. दोष एकट्या फडणीसांचा नव्हे. निरक्षर, बाई, शेतकरी, आणि बोली भाषा बोलणारी, अशा चौपट दूर असलेल्या मनुष्याचा आवाज छापखान्यापर्यंत पोंचण्याची वाटच तेव्हां नव्हती.

ही वाट रुंद करण्याचा एक सुंदर प्रयत्न खानदेशांतच झाला. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें एक दैनिक लिहून काढीत. त्यास ना छापखाना, ना भांडवल, ना परवाना. पुढें त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक काढलें, १९३८ सालीं अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलें आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजीं मुंबईस 'साधना' सुरू केलें. परंतु या सर्वांची जननी ती हस्तलिखित पानें होत. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं एक याप्रमाणें गीतेवर अठरा प्रवचनें केलीं, तीं आज आपणांस वाचावयास मिळतात तींहि गुरुजींनीं तेथें बसून उतरून घेतलीं म्हणूनच. छात्रालयाच्या दैनिकाचा वाचकवर्ग लहान होता, आणि त्यांतील प्रत्येक वाचक लेखकास ओळखत होता. लिहिलेलें न पटल्यास संध्याकाळीं जाऊन विचारावें, इतका लेखक जवळ होता.

संगणकाच्या युगांत ज्यास ब्लॉग म्हणतात आणि मराठींत कोणी 'अनुदिनी' असें गोड नांव दिलें आहे, तो प्रकार मूळचा या हस्तलिखित दैनिकाच्या जातीचा होता. मराठी मंडळींचा जगभर पसरलेला संवाद १९९६ सालीं 'मायबोली' या संकेतस्थळानें सुरू झाला. पुढें दहाएक वर्षांत संगणकावर देवनागरी लिहिणें सोपें झालें, आणि कोणासहि आपल्या नांवानें आपलें पान काढतां येऊं लागलें. प्रवासवर्णनें, पाककृति, ग्रंथपरीक्षणें, गांवचे प्रश्न, सर्व कांहीं त्यांत आलें. वर्तमानपत्रांत जिला कधींमधीं एखादा कोपरा मिळे त्या आपल्या अहिराणीस तर या साधनांनीं नवें अंगणच दिलें. अहिराणी गाणीं आणि प्रहसनें आज हजारों लोक मोबाइलवर पाहतात. बहिणाबाईंस ज्या दारांतून आंत येतां आलें नाहीं तें दार असें उघडलें, याचा आनंद मानलाच पाहिजे. वार्ता पसरविण्याचीं साधनें थोड्यांच्या हातून सर्वांच्या हातीं गेलीं, यास वाईट म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

मात्र ब्लॉगवर लिहिणाऱ्याचें नांव होतें, तारीख होती, आणि खालीं वाचकाची हरकतहि नोंदली जाई. व्हॉट्सॲपसारख्या साधनांत हीं तिन्ही गळालीं. २००९ सालीं निघालेलें हें साधन २०१७ पर्यंत भारतांत वीस कोटींहून अधिक लोक वापरूं लागले होते. २०१६ च्या सप्टेंबरांत रिलायन्स जिओनें इंटरनेट स्वस्त केल्यावर तें वाड्यापाड्यांपर्यंत पोंचलें. २०१६ च्याच एप्रिलपासून त्यावरील संदेश पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज तिसऱ्या कोणास, खुद्द कंपनीसहि, वाचतां येत नाहीं अशी योजना झाली. खाजगी पत्रव्यवहारास ही उत्तम गोष्ट. परंतु त्याच बंद पाकिटांतून हजारों लोकांस उद्देशून केलेली दवंडीहि जाऊं लागली, आणि दवंडी पिटणारा कोण हें कोणासच कळेनासें झालें.

असें असतां लोक त्यावर विश्वास कां ठेवतात? याचें उत्तर नीट समजून घेतलें पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. बिनपत्त्याचें निनावी पत्र टपालानें आलें तर आपण तें फाडून टाकतों. परंतु मोबाइलवरचा निनावी संदेश आपणांस निनावी वाटतच नाहीं. तो मामांनीं पाठविलेला असतो, शाळेंतील जुन्या मित्रानें पाठविलेला असतो, शेजारच्या डॉक्टरांनीं पाठविलेला असतो. घेणारा म्हणतो, मामा खोटें कशाला पाठवितील? आणि मामा म्हणतात, मीं कोठें लिहिलें आहे? मजकडे आलें तें पुढें धाडलें. म्हणजे घेणारा ज्यास जामीन समजतो तो स्वतःस केवळ टपालवाला समजत असतो. जामीन नाहींसा झालेला नाहीं. नकळत प्रत्येक जण जामीन राहिला आहे, आणि कोणाच्याहि तें गांवीं नाहीं.

२०१८ च्या उन्हाळ्यांत देशाच्या अनेक भागांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश असेच फिरत होते. त्यांबरोबर फिरणारें एक चित्रण तर मूळचें कराचीच्या एका संस्थेनें पालकांस सावध करण्यासाठीं तयार केलेलें होतें. त्यांत मोटारसायकलवरचे दोघे मुलास उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात. परत आणण्याचा शेवटचा भाग कापून उरलेला तुकडा भारतांतील खरी घटना म्हणून पसरविला गेला. असें वातावरण तापलेलें असतां १ जुलैस, रविवारीं, राईनपाड्याच्या आठवडे बाजारांत कांहीं परके लोक आले. ते सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें भागाकडील नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेसाठीं नेहमीप्रमाणें फिरतीवर निघालेले. त्यांपैकीं एक जण एका लहान मुलीशीं बोलला एवढें निमित्त झालें. जमाव जमला. पांच जणांस ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत नेऊन तेथें कोंडून मरेपर्यंत मारण्यांत आलें. ज्यांच्या पूर्वजांच्या तोंडून गांवोगांवीं वर्तमान कळे, ज्यांचें पुन्हां येणें हाच ज्यांचा जामीन होता, त्या जमातीचीं हीं माणसें. आपण कोण, कोठले, हें सांगण्याइतकाहि अवसर त्यांस मिळाला नाहीं. गांवानें नांव-गांव विचारलें नाहीं तें संदेशास, आणि शिक्षा केली ती माणसांस.

त्याच रात्रीं राईनपाड्याहून फार दूर नसलेल्या मालेगांवांत एका लहान मुलासह पांच जण अशाच संशयानें जमावाच्या हातीं सांपडले. तेथें मात्र कांहीं रहिवाशांनीं त्यांस एका घरांत आसरा दिला आणि पोलीस येईपर्यंत दार लावून धरलें. जमावानें पोलिसांच्या गाडीवरहि हात टाकला, परंतु ते पांचहि जण वाचले. दोन्हीं ठिकाणीं मोबाइल तेच होते आणि भीतिहि तीच होती. मालेगांवांत कोणीतरी मध्यें उभा राहिला, इतकाच काय तो फरक.

पुढें सरकार, न्यायालय आणि कंपनी यांनीं हालचाल केली. सर्वोच्च न्यायालयानें १७ जुलै २०१८ रोजीं झुंडीच्या हिंसेस आळा घालण्यासाठीं राज्यांस सविस्तर आदेश दिले. कंपनीनें पुढें धाडलेल्या संदेशावर तशी खूण दिसेल अशी सोय केली, भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येऊं नये अशी मर्यादा घातली, १९ सालीं ती साऱ्या जगास लावली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार धाडलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल असें केलें. याच सुमारास तिनें एक गोष्ट अशी केली कीं तिच्यांत या साऱ्या इतिहासाचें सार यावें. खोटी वार्ता कशी ओळखावी हें लोकांस सांगण्यासाठीं तिनें वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या! आपलें म्हणणें लोकांनीं खरें मानावें असें वाटतांच त्या नव्या साधनाच्या धन्यासहि तळाशीं नांव असलेल्या जुन्या कागदाचा आश्रय घ्यावा लागला.

२०२१ च्या नियमांनीं भारत सरकारनें याहून पुढचें पाऊल टाकून, जरूर पडल्यास संदेशाचा पहिला पाठविणारा कोण तें सांगावें, अशी मागणी केली, आणि त्याविरुद्ध कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली. सर्वांचीं खाजगी पत्रें त्यासाठीं उघडीं पडतील असें तिचें म्हणणें. १९१० च्या कायद्याचा अनुभव ज्यांस आठवतो ते या भीतीस सर्वस्वीं निराधार म्हणणार नाहींत. परंतु वाद कसाहि मिटो, पहिला पाठविणारा सांपडला म्हणून राईनपाड्यासारखे प्रकार थांबतील असें मानतां येत नाहीं. १८५७ ची पहिली चपाती कोणीं भाजली हें कळलें असतें तरी ती गांवोगांवीं नेणारे हजारों हात होतेच. वार्ता मोठी होते ती पहिल्या मनुष्यामुळें नव्हे, मधल्यांमुळें.

हे मधले कोण? अशा प्रसंगीं सुशिक्षितांनीं खेड्यांतील अडाणी लोकांस दोष द्यावा ही नेहमींची रीत आहे. ती न्यायाची नव्हे. डोंगराच्या कुशींतील पाड्यापर्यंत संदेश पोंचतो तो शहरांतील पदवीधरांच्या, नोकरदारांच्या, शिक्षकांच्या समूहांतून फिरत फिरत. थोर लेखकांच्या नांवावर दुसऱ्याच कोणाच्या कविता, शिवकालाविषयीं कोणत्याहि कागदांत नसलेल्या कथा, असाध्य रोगांवरचे घरगुती उपाय, हें सर्व सकाळच्या चहाबरोबर धाडणारीं घरें आपलींच आहेत. त्यांपैकीं बहुतेक गोष्टींनीं कोणाचा जीव जात नाहीं, म्हणून ती संवय लागते. आणि ज्या दिवशीं जीव घेणारी गोष्ट येते त्या दिवशीं हात संवयीनेंच चालतो. राजवाड्यांचें नांव आदरानें घेणाऱ्या समाजानें त्यांची पहिलीच अट विसरावी, ही गोष्ट कोणत्याहि कायद्यानें भरून निघणारी नाहीं.

उपाय फार मोठा नाहीं, आणि तो जुन्या नकलकारानेंच दाखवून ठेवला आहे. कोणताहि संदेश पुढें धाडण्यापूर्वीं त्याखालीं आपलें नांव, गांव आणि तारीख लिहावी, आणि 'हें मीं स्वतः पाहिलें', 'अमुक गृहस्थांकडून ऐकलें' किंवा 'अमुक वर्तमानपत्रांत वाचलें' यांपैकीं एक ओळ जोडावी. यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं. ती ओळ लिहितां येत असेल तर खुशाल पाठवावें. त्यायोगें वार्तेस एक जामीन मिळेल आणि चूक निघाल्यास ती सुधारण्यास एक ठिकाण राहील. ती लिहितां येत नसेल, किंवा लिहितांना हात अडखळत असेल, तर तो संदेश तेथेंच ठेवावा. घरांतील वडील माणसांनीं ही संवय स्वतःस लावून घेतली तर मुलांस ती निराळी शिकवावी लागणार नाहीं. आठवड्याच्या बाजारांत परका मनुष्य येईल, त्याचें नांव-गांव विचारलें जाईल, आणि तो आपली झोळी घेऊन पुढच्या गांवास जाईल, इतकी साधी गोष्ट पुन्हां शक्य होण्यासाठीं एवढें करणें आपल्या हातचें आहे.